टेलरकाकांची जाहिरात आणि नववीचा वर्ग

टीव्ही बसवणाऱ्या माणसाला एक सवय लागते. छपरावर डिशची छत्री पक्की केली, वायर आत आणली, चॅनेल लागले, की तो आधी आवाज पूर्ण बंद करतो आणि नुसतं चित्र बघत राहतो. मग टीव्हीकडे पाठ करून उभा राहतो आणि नुसता आवाज ऐकतो. दोन्ही एकदम तपासायला गेलं की माणूस चाललेल्या कार्यक्रमात गुंततो आणि दोष निसटतो. तिरोड्याला ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते म्हणायचे, "टीवी देखना नहीं है, जाँचना है." या सवयीमुळे मी नववीच्या वर्गात फळ्यापुढे उभा राहिलो. आणि याच सवयीमुळे, ज्या घराने मला जगवलं त्या घरातल्या माणसाची मान गावच्या मंडईत, भर जत्रेत, खाली गेली.

मी मूळचा कोकणातला, अगदी खालच्या टोकाचा. नववी अर्धी टाकून घरातून निघालो. हे काम, ते काम करत एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तिरोड्याला, वीज प्रकल्पात केबल ओढायला आलो. काम संपलं आणि टोळी दुसऱ्या राज्यात गेली. मी मलेरियाने पडलो होतो म्हणून मागे राहिलो. तेव्हा तिरोड्याबाहेरच्या एका गावात एका टेलरच्या घरची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. त्या तापात काकूंनी मला पेज पाजली. आमच्याकडेही भाताचीच पेज असते, पण ही वेगळी लागायची आणि तरी मी ती आईच्या हातची समजून प्यायचो. संध्याकाळी समोरच्या खोलीत दोघं नवरा-बायको बुद्धवंदना म्हणायचे, तो आवाज भिंतीतून यायचा आणि मला झोप लागायची. बरा झाल्यावर काकांनीच मला छत्री बसवणाऱ्याकडे नेऊन उभं केलं. "लंबा आहे, शिडी लागणार नाई," म्हणाले. एवढीच माझी शिफारस.

म्हणून आधीच सांगतो, त्या घराचं माझ्यावर किती आहे ते मला कधीच विसरता आलेलं नाही. विसरता आलं असतं तर हे सगळं इतकं टोचलं नसतं.

गावाजवळच्या शाळेला टीव्ही मिळाला तेव्हा तो भिंतीवर चढवायला मीच गेलो. दिवस निवडणुकीचे होते. मी आवाज बंद करून चित्र तपासत होतो आणि पडद्यावर एका पक्षाची जाहिरात चालली होती. कोणीतरी पुढारी शेताच्या बांधावरून चालतोय, मागे माणसं. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. मी टीव्हीकडे पाठ करून आवाज ऐकायला लागलो तशा त्या हसल्या.

"भाऊ, हे काय चाललंय?"

मी सांगितलं. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मुलांना असंच बघायला शिकवाल? मी पुस्तकातून मतदार शिकवते. ही पोरं घरी जाऊन तासन् तास हेच बघतात."

 मी म्हटलं, मॅडम, मी शिकलेला नाही. त्या म्हणाल्या, शिकवायचं मी बघते, तुम्ही फक्त जाहिराती पेनड्राइव्हवर घेऊन या आणि मी सांगेन तेव्हा आवाज बंद-चालू करा. मी घरी आलो आणि काकांना सांगितलं. काका शिलाई मशीनवरून उठले, टेप घेतली आणि माझी मापं घ्यायला लागले. "मास्तराले धड सदरा पायजे," म्हणाले. आईला फोन केला तर ती हसतच सुटली. "तू शाळेत शिकवतंस? शाळेसून पळान खय जायस ता इसारलंस?"

मुख्याध्यापकांनी एकच अट घातली. पक्षाचं नाव नको, चिन्ह नको, उमेदवाराचं तर नावच नको. कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढला तर उद्या कोण कुठं तक्रार करेल सांगता येत नाही. मॅडमनी पुठ्ठ्याची पट्टी कापली आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे चिन्ह येतं तिथे, टेपने चिकटवली. शेवटी नाव यायच्या आधी मी जाहिरात थांबवायची असं ठरलं. मॅडमच्या वहीत मुलांना विचारायचे प्रश्न होते: काय दिसतं, काय ऐकू येतं, त्यामुळे आपल्याला काय वाटतं, आणि हे कोणी, कशासाठी बनवलं. शेवटचा प्रश्न मतदान झाल्यावर घेऊ, असं त्या म्हणाल्या. ते मुख्याध्यापकांच्या अटीमुळे; मॅडमना स्वतःला ते पटलेलं नव्हतं. मला मात्र बरं वाटलं. मी बाहेरगावचा माणूस. माझी गिऱ्हाइकं सगळ्या पक्षांची. एका घरी एका पुढाऱ्याचा फोटो तर शेजारी दुसऱ्याचा, आणि मी दोन्ही छपरांवर चढणार. तो पुठ्ठा कोणी काढला असता तर मीच परत लावला असता.

पहिल्या तासाला मुलं मला 'सर' म्हणाली आणि मी मागे वळून बघितलं, कोणी आलं का म्हणून. नंतर सवय झाली, पण भीती गेली नाही. ही पोरं ज्या वर्गात बसली आहेत तो वर्ग मी पास केलेला नाही, हे त्यांना कळलं तर काय, असं मनात सारखं असायचं.

शिकवणं मात्र चाललं. खरं सांगायचं तर फार छान चाललं. आधी आवाज बंद. मुलं बघायची आणि हात वर करायची. पुढारी कधी एकटा चालतच नाही. कोणालाच घाम येत नाही. सूर्य नेहमी उगवतच असतो, मावळत नाही. म्हातारी डोक्यावर हात ठेवते, ती प्रत्येक जाहिरातीत ठेवते. मग सगळा वर्ग बाकांवर उलटा बसायचा, तोंड मागच्या भिंतीकडे, आणि नुसता आवाज. गाव आलं की बासरी. रस्ता आला की ढोल. एक मुलगी त्यात फार तेज होती. आमच्याच गावातली, टेलरकाकांच्या गल्लीतली, सायकलने शाळेत यायची. ती एके दिवशी म्हणाली, "सर, ही आजी परवाच्या जाहिरातीत दुसऱ्याले आशीर्वाद देऊन राहिली होती."

आम्ही परवाची जाहिरात परत लावली. तीच आजी, तेच लुगडं. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. मी तिला शाब्बास म्हणालो. माझ्या शाब्बासकीवर कोणाचा तरी चेहरा असा उजळताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

याच दिवसांत आमच्या गावात एक गाडी आली. मी कामावर होतो, हे काकूंनी सांगितलं. गाडीतली माणसं पानठेल्यावर थांबली आणि हिंदीत विचारायला लागली, कॅमेऱ्यासमोर न घाबरता बोलेल असा शेतकरी हवाय. ठेल्यावरच्या सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं. कारण गावात न घाबरता बोलणारा माणूस एकच, टेलरकाका. इकडच्या दंडारीत ते मुख्य काम करायचे. दंडार म्हणजे या भागातलं मोकळ्यावरचं नाटक. ढोलकी, गाणी, सोंगं, आणि मध्येमध्ये प्रेक्षकांशी बोलाचाली. काकांना शेत नाही. पण गाडीतल्या माणसांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी काकांना डोक्याला शेला बांधला, हातात विळा दिला, रस्त्याकडेच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या पिकलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उभं केलं आणि कागदावरचं वाचून दाखवलं. काकांनी ते एका ऐकण्यात पाठ केलं. "चाचा, थोड़ा मुस्कुराइए," एवढंच त्यांना परत सांगावं लागलं म्हणे.

जाहिरात लागायला लागली तेव्हा आमच्या घरी गल्ली जमली. काकांनी मला दोनदा विचारलं, छत्री बरोबर आहे ना. मी वर चढून तपासून आलो. पडद्यावर काका धानाच्या मधोमध उभे होते आणि म्हणत होते, माझ्या शेतात यंदा सोनं पिकलं, माझ्या घरात समाधान आलं. गल्लीतल्या बाया हसल्या, पण कौतुकाने. "काय काम केलं जी काकानं." काका खाली बघून मिशीतल्या मिशीत हसत होते. नाटकाला जशी दाद मिळते तशीच ती होती, त्यांनाही आणि गल्लीलाही.

पुढच्या तासाला मॅडम नव्हत्या. निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण होतं, सगळ्या शिक्षकांना लावलेलं. त्या म्हणाल्या होत्या, तुम्ही एकटे घ्या, आता तुम्हाला येतं. पेनड्राइव्हवर काकांची जाहिरात होती. मी ती वगळू शकलो असतो. पुढचं बटण दाबायचं, बस. मी दाबलं नाही, आणि का दाबलं नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. टीव्हीवरचा माणूस माझ्या घरचा आहे, हे मुलांना कळावं असं मला वाटलं.

आवाज बंद केला. आधी कुजबुज, मग त्या मुलीचा हात वर.

"सर, ह्यायनं विळा कैचीवानी धरला."

वर्ग हसला. आणि खरंच, काकांनी विळा कात्री धरावी तसा धरला होता. इतके दिवस घरी बघत होतो, मला दिसलं नव्हतं. मग हात वरच वर. ह्यायची तं बांधीच नाई सर. ही बांधी दुसऱ्याची आहे, त्या वळणावरची. शेल्याची घडी मोडली नाई, नवा आहे. मग मुलं उलटी बसली आणि आवाज ऐकला. 'माझ्या शेतात', 'माझ्या घरात'. कोणीतरी म्हणालं, माझ्या माझ्या म्हणून राहिले, पण यातलं त्यायचं काय आहे? मी फळ्यावर लिहीत गेलो. मध्येच वरती मथळा दिला, 'खोटं कुठे आहे?' आणि मुलांनी एकेक ओळ भरली. मी प्रत्येकाला शाब्बास म्हणत होतो. नाव यायच्या आधी, ठरल्याप्रमाणे, जाहिरात थांबवली. पडद्यावर काका तसेच थिजले, हसत, हातात कात्रीसारखा विळा, आणि कोपऱ्यात पुठ्ठा.

घंटा झाली. मी फळा पुसला आणि घरी आलो. काकूंनी जेवायला वाढलं, मी जेवलो. काकांना सांगितलं का की तुमची जाहिरात वर्गात दाखवली? सांगितलं. काका खूश झाले. काय म्हणाले पोट्टे, असं विचारलं. मी म्हटलं, हसले.

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, आणि दुपारी मोकळ्या जागेत दंडार होते. आमच्या गावच्या मंडईला काका चोराचं सोंग करणार होते, राजाच्या वाड्यात शिरून राजालाच शहाणपण शिकवणारा चोर. दंडारीची रीत अशी की प्रेक्षकांतून कोणीही सोंगाला टोमणा मारायचा आणि सोंगाने तिथल्या तिथे उलटा टोमणा परत करायचा. जितका टोमणा तिखट तितकी मजा. काकांच्या परतीच्या टोमण्यासाठी शेजारच्या गावांतून लोक यायचे. एकदा कोणी ओरडलं होतं, चोरा, तुझी बायको कुठं आहे? काका म्हणाले होते, तुझ्याच घरी धान मोजून राहिली, घरी जाऊन पाय. अशी त्यांची जीभ.

त्या दुपारी मी गर्दीत पुढे उभा होतो. काकांनी मला जागा धरून ठेवायला लावली होती, काकूंसाठी. तोंडाला पांढरा रंग, काजळाच्या मिश्या, काका डोलत आले, ढोलकीवर फिरले, राजाच्या पगडीत हात घातला. लोक लोटपोट. तेवढ्यात डाव्या बाजूने, जिथे शाळेची मुलं बसली होती, तिथून त्या मुलीचा आवाज आला, खणखणीत.

"काका, धान किती झाला जी?"

आधी मुलं हसली. मग मोठी माणसं. ज्यांच्या बांध्या होत्या ती माणसं जरा जास्तच हसली. आणि मी हसलो. हे मला लिहायलाच हवं, की मी हसलो. टोमणा चांगला होता, नेमका होता, आणि आता काका काय परत देतात याची सगळ्यांसारखी मीही वाट बघत होतो.

काकांनी काही परत दिलं नाही. ते उभे राहिले. ढोलकीवाल्याने एक ठेका वाजवून जागा दिली, मग दुसरा दिला. काकांचे ओठ हलले पण काही बाहेर आलं नाही. लोकांना वाटलं हेही सोंगच, म्हणून अजून हसले. मग कोणी तरी परत तेच ओरडलं, मग आणखी कोणी. काकांनी पगडी राजाच्या डोक्यावर नीट ठेवली आणि मागच्या कनातीत निघून गेले. दंडार राजाने कशीबशी संपवली. मुलगी पहिल्यांदा हसत होती, मग तिचं हसणं थांबलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मी नजर वळवली.

घरी येऊन काकांनी रंग धुतला, मशीनवर बसले, कोणाच्या तरी बाहीला टीप मारत राहिले. बोलल्या त्या काकू.

"पोट्ट्यांयले तुमीच शिकवलं ना जी?"

मी हो म्हणालो.

"त्या गाडीवाल्यायनं कागदावर लिहून आणलं होतं, ते सांगितलं का नाई?"

मी म्हटलं, ते नंतर घ्यायचं ठरलं होतं. कोणी बनवलं ते आत्ता शिकवायची परवानगी नाही. पक्षाचं नाव येतं.

"मंग अर्धंच काऊन शिकवलं? एका बाहीचा सदरा कोणी घालते का?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते काकूंना सांगण्यासारखं नव्हतं. मी भ्यालो होतो. ज्याने जाहिरात लिहिली, ज्याने पैसे दिले, ज्याचं चिन्ह कोपऱ्यात होतं, त्या सगळ्यांना मी पुठ्ठ्यामागे नीट झाकलं, आणि मुलांसमोर उघडा ठेवला एकच माणूस. त्याच्यामुळे माझं एकही गिऱ्हाईक तुटणार नव्हतं. त्याची तक्रार कुठे जाणार नाही. मुलांना मी प्रश्न विचारायला शिकवलं होतं आणि प्रश्न विचारायला हाताशी फक्त टेलरकाका दिले होते.

खालच्या गावची मंडई पुढच्या आठवड्यात होती. दंडारीची मंडळी सकाळीच विचारायला आली. काका म्हणाले, चोर दुसऱ्या कोणाले द्या. मंडळींनी गळ घातली, काका मशीन चालवत राहिले. त्यांनी सोंग सोडलं असतं तर या भागात कोणाला काही फरक पडला नसता, दंडार तशीही कमी होत चालली आहे. पण त्या घरात फरक पडला असता. मला ते दिसत होतं. संध्याकाळच्या वंदनेत काकांचा आवाज काकूंच्या आवाजाखाली गेला होता.

मी माफी मागायला गेलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. मग स्वतःच म्हणाले, "तुमी पोट्ट्यांयले दाखवता तसं मले दाखवा."

मी टीव्ही लावला, पेनड्राइव्ह घातला, आवाज बंद केला. काका स्वतःला बघत बसले. विळ्यापाशी 'हं' म्हणाले. परत लावायला सांगितलं. मग मी सांगितलं म्हणून टीव्हीकडे पाठ करून बसले आणि स्वतःचा आवाज ऐकला. इथे पुठ्ठा नव्हता. शेवटी नाव आलं, चिन्ह आलं, भारदस्त आवाजात कोणी तरी मत मागितलं. काका वळले.

"हे शेवटचं पोट्ट्यांयनं ऐकलं नाई?"

"नाही."

त्यांनी हात लांब करून टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "दंडारीत लोक चोराले इचारतात, नाई तं राजाले इचारतात. त्यायले जवाब देता येते. त्या दिवशी त्या पोट्टीनं चोराले नाई इचारलं. मले इचारलं. अन् मी तं तिथं नव्हतोच ना, तोंडाले रंग होता."

मी मान खाली घातली.

"खालच्या मंडईत मी येतो," ते म्हणाले. "पण तेच तुमी ओरडजा. धान किती झाला म्हणून."

"मी?"

"मंग कोण? दुसऱ्या कोणी ओरडायच्या आधी ओरडजा. आता ओरडून दाखवा."

मी समोरच्या खोलीतल्या काकांच्या दुकानात उभा राहून हळूच म्हणालो. काका म्हणाले, हे काय, गिऱ्हाइकाले रिमोट मागून राहिले का. परत. काकू आतून म्हणाल्या, "आवाज बंद करून ठेवला का जी मास्तरानं?" मी ओरडलो. काका परत काय देणार ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, सांगितलं तर तुमचं तोंड आधीच तयार होऊन बसेल.

खालच्या गावात शाळेची मुलं होती, ती मुलगीही होती. काका आले, डोलले, पगडीत हात घातला. मी घसा साफ केला.  छपराच्या कडेवर उभं राहताना मला कधी इतकी भीती वाटलेली नाही.

"काका, धान किती झाला जी?"

माझ्या कोकणी हेलात ते इतकं विचित्र वाटलं की लोक आधी माझ्यावरच हसले. काकांनी हात वर करून ढोलकी थांबवली.

"टीव्हीतच पेरला, टीव्हीतच कापला, घरी तणसाची काडी नाई आली. कोणाच्या घरी गेला ते त्या गाडीवाल्यायले इचारा." लोक हसले. काका दोन पावलं पुढे आले आणि माझ्याकडे बोट केलं. "पण हे इचारणारे मास्तर पाहून घ्या. नववीत पेरले, अजून उगवून राहिले."

गर्दी फुटली. ढोलकी वाजली. मुलांच्या बाजूने हसण्याची लाट आली आणि त्यात एक-दोघांनी एकमेकांकडे वळून बघितलेलं मी पाहिलं. ज्याची मला इतके दिवस भीती होती ते असं मैदानात, ढोलकीवर झालं. कान तापले होते. पण काका डोलत राजाकडे परत गेले आणि त्यांचा आवाज पूर्वीचा झाला, आणि मी तिथेच उभा राहून शेवटपर्यंत दंडार बघितली.

मतदान झाल्यावर मॅडम वर्गात परत आल्या. मी गेलो तेव्हा वाटलं होतं, मुलं नववीवरून काही म्हणतील. कोणी काही म्हटलं नाही. त्या मुलीचा हात वर होता, मी बसायच्या आधीच.

"सर, खालच्या मंडईत तुमी ओरडले, ते ठरवून केलं होतं ना?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, कशावरून?

"ओरडायच्या आधी तुमी लोकायकडे नाई, काकाकडे पाहून राहिले होते. अन् तुमी तोंड उघडलं तसा काकानं ढोलकीवाल्याकडे हात केला. कोणी लिहून देलं होतं?"

"काकांनी," मी म्हणालो. "मी फक्त ओरडलो."

"अन् जाहिरातीतलं कोणी लिहून देलं होतं?"

वर्गात त्या प्रश्नाला कोणी हसलं नाही. मॅडम उठल्या, टीव्हीपाशी गेल्या आणि पुठ्ठ्याची पट्टी काढली. टेपचा डाग काचेवर राहिला. मी जाहिरात लावली आणि शेवटपर्यंत चालू दिली. मग मी गाडीबद्दल सांगितलं, पानठेल्याबद्दल, कागद वाचून दाखवणाऱ्या माणसाबद्दल. मॅडम सांगायला लागल्या की असा कागद कोण लिहितं, त्याच्या मागे कोण असतं, पैसा कोणाचा असतो. मुलं वहीत उतरवून घेत होती. ती मुलगी लिहीत नव्हती.

"मग मी काकाले कायले इचारलं?" ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता.

मी तिला म्हणालो की प्रश्न तुझा बरोबर होता, माणूस चुकीचा होता, आणि तो माणूस तुझ्यासमोर मी ठेवला होता. हे मी मनापासून म्हणालो. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते माझ्या बोलण्याने गेलं नाही. ते मी ओळखत होतो, मंडईपासून मी ते रोज आरशात बघत होतो. आता ते मी तिलाही दिलं होतं.

काका आता परत दंडारीत जातात. दुकानात एका हँगरवर त्या मुलीचा नवा युनिफॉर्म शिवून तयार आहे, काकांनी हातशिलाईही करून ठेवली आहे. ती तो न्यायला येत नाही. सकाळी दुकानावरून जाताना सायकल जोरात हाणते आणि समोर बघत जाते. मी काकांना म्हटलं, मी शाळेत नेऊन देतो. काका म्हणाले, "नाई. तिले येऊ द्या. तुमी मधात पडू नका."

म्हणून मी मध्ये पडत नाही. शिडी घेऊन निघताना हँगरकडे बघतो आणि निघतो.